मदत हवी आहे: मुलं अठरा वर्षांची झाली म्हणून वडिलांनी शिक्षणाचा खर्च थांबवलाय

अबोली

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज मुलाच्या फीचा शेवटचा दिवस होता. ती भरून घरी आले आणि लिहायला बसले.

आमचा घटस्फोट २०१५ साली परस्परसंमतीने झाला. हिंदू विवाह कायद्याखाली, कौटुंबिक न्यायालयात. तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती, मुलगा आठ. ताबा माझ्याकडे. मी नोकरी करत होते, आजही करते, त्यामुळे स्वतःसाठी काही मागितलं नाही. मुलांसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची असं ठरलं. पहिली सात-आठ वर्षं पैसे आले. कधी उशिरा आले, कधी दोनदा आठवण करावी लागली, पण आले.

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यापासून तिच्या वाटणीचे पैसे बंद झाले. मी विचारलं तर उत्तर आलं, "ती सज्ञान झाली, कायद्याने माझी जबाबदारी संपली." तिची बारावीची परीक्षाही तेव्हा झालेली नव्हती. बी.फार्म.ला प्रवेश घेतला तेव्हा पहिल्या वर्षाची अर्धी फी त्यांनी दिली, पुढे काहीच नाही. मी तेव्हा भांडले नाही, कारण मुलगीच म्हणाली, "आई, राहू दे. बाबांशी जे थोडंफार बोलणं होतं तेही तुटेल." तिच्यासाठी मी गप्प राहिले. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, दागिने मोडले.

आता यंदा जूनमध्ये मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि पुन्हा तेच. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका घरात दोन फिया, आणि माझा एकटीचा पगार.

अठरा ही खरंच शेवटची रेघ आहे का? मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी कायदा वेगळा आहे असंही ऐकलं, ते खरं आहे का? मी जवळपास तीन वर्षं गप्प राहिले, तो हक्क गेला का? आणि रात्री झोप लागू न देणारा प्रश्न म्हणजे, मुलांना वडिलांविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागेल का? ते होणार असेल तर मी कर्ज काढेन, पण त्या वाटेला जाणार नाही.

रानवाटा

अबोलीताई, सगळ्यात आधी हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या आदेशाची, आणि त्याला जोडलेल्या संमतीच्या अटींची प्रत काढा. मुलांच्या खर्चाबद्दलची वाक्यं नावं आणि रक्कम वगळून इथे जशीच्या तशी लिहा. आठवणीतून लिहू नका. यात एकेका शब्दाने फरक पडतो.

अबोली

कपाटातून फाईल काढली. दहा वर्षांनी उघडली. अशी वाक्यं आहेत:

"अर्जदार क्र. २ हे दोन्ही अपत्यांच्या पालनपोषणासाठी, अपत्ये सज्ञान होईपर्यंत, दरमहा रक्कम अर्जदार क्र. १ यांच्या बँक खात्यात जमा करतील. तसेच दोन्ही अपत्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च, त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत, अर्जदार क्र. २ करतील."

दुसरं वाक्य मी पार विसरले होते. आमच्या तेव्हाच्या वकीलबाईंनी ते घालायला लावलं होतं, एवढं आता आठवतंय. मला तेव्हा फक्त महिन्याचा आकडा दिसत होता.

वकील_निवृत्त

ताई, त्या वकीलबाईंनी तुमच्यावर मोठे उपकार केले आहेत. मी कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं काम केलं आहे. परस्परसंमतीच्या घाईत हे दुसरं वाक्य राहून गेलेली कितीतरी प्रकरणं पाहिली. तुमच्या अटींत दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि त्यांची मुदतही वेगळी आहे. त्या एकत्र करू नका.

महिन्याच्या रकमेपुरतं बोलायचं तर, ऐकायला वाईट वाटेल, पण मुलांचे वडील या एका मुद्द्यावर बरोबर आहेत. "सज्ञान होईपर्यंत" असं लिहिलं आहे, ती मुदत संपली. शिक्षणाच्या खर्चाचं तसं नाही. तिथे वयाचा उल्लेखच नाही, "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" आहे, आणि त्याच्यावर न्यायालयाचा शिक्का आहे. म्हणजे हा हुकूमनामा झाला. त्यासाठी नवा दावा लावायची गरज नाही, दरखास्त दाखल करायची, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. संमतीच्या अटींवर सही तुमची आहे, वसुलीचा हक्कही तुमचा. मुलांना तिथे यायचं काही कारण नाही.

उशिराबद्दल लोक घाबरवतात, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालच्या पोटगीला थकबाकीसाठी एक वर्षाची मुदत आहे. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आलं आहे. तुमचा आदेश मात्र त्या कलमाखालचा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायद्याने १२ वर्षं दिली आहेत, आणि ठरावीक काळाने द्यायच्या रकमेत ती प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापासून मोजतात. मुलीच्या पहिल्या वर्षाची राहिलेली अर्धी फीसुद्धा तुम्हाला मागता येईल.

आता मुलगा-मुलगी फरक. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ चं कलम २० पाहा. मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेपर्यंतच त्याला आईवडिलांकडे निर्वाह मागता येतो. अविवाहित मुलीचा हक्क मात्र अठराला संपत नाही, स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून तिचं भागत नाही तोवर तो राहतो. त्या कायद्यात निर्वाह या शब्दात शिक्षणही येतं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की धडधाकट सज्ञान अविवाहित मुलीने कलम १२५ वर न विसंबता कलम २० खाली मागावं, आणि कौटुंबिक न्यायालय ते ऐकू शकतं. म्हणजे महिन्याची रक्कम मुलीसाठी पुन्हा सुरू करता येईल, पण तो तिचा हक्क आहे, अर्जावर तिची सही लागेल. ती नको म्हणत असेल तर तो भाग तूर्त बाजूला ठेवा. शिक्षणाच्या खर्चाचं काम त्यावाचून अडत नाही.

मुलासाठी तुमची भिस्त त्या दुसऱ्या वाक्यावरच आहे. ते नसतं तर काम अवघड होतं, अशक्य नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वडिलांना मुलाची पहिली पदवी होईपर्यंत खर्च द्यायला सांगितलं. केवळ अठरापर्यंत शिकवून आजच्या काळात भागत नाही, असं तेव्हा न्यायमूर्तींनी म्हटलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने, मुलाचं पदवी शिक्षण होईपर्यंत किंवा तो कमावता होईपर्यंत आईला अंतरिम रक्कम देण्याचा आदेश दिला. मुलगा अठराचा झाला की सगळा भार एकट्या आईवर पडतो, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे.

एक अडचण आधीच सांगतो. तुमच्या वाक्यात आकडा नाही. समोरून म्हणतील, कुठलं महाविद्यालय, किती खर्च, हे मला न विचारता ठरवलं. म्हणून दरखास्तीच्या आधी रीतसर नोटीस पाठवा, पोचपावतीच्या टपालाने. त्यात वर्षवार फी, वसतिगृह, पुस्तकं असा हिशोब द्या आणि पावत्यांच्या प्रती जोडा. पुढच्या सत्राचा अंदाजही लिहा. "संपूर्ण खर्च" असं म्हणून मोघम मागू नका.

मृण्मयी

अबोली, मी या वाटेने गेले आहे, माझी मुलगी आता नोकरीला लागली. मला दरखास्त दाखल केल्यापासून पहिली रक्कम हातात यायला दीड वर्ष लागलं. त्यातले कितीतरी महिने माझ्याच कागदांमुळे गेले. दोन सत्रांची फी माझ्या भावाने त्याच्या खात्यातून भरली होती, पावतीवर मुलीचं नाव, पैसे त्याचे. ते सिद्ध करायला त्याला शपथपत्र द्यावं लागलं. एक पावती तर सापडलीच नाही, महाविद्यालयाच्या कार्यालयातून दाखला घ्यावा लागला. तू आजपासून प्रत्येक फी स्वतःच्याच खात्यातून भर. रोख देऊ नकोस.

बँकेची विवरणपत्रं घटस्फोटापासून आजपर्यंतची काढ. कोणत्या महिन्यात किती आले, कोणत्या महिन्यापासून थांबले, याचा साधा तक्ता कर. न्यायाधीशांनी माझ्याकडून सगळ्यात आधी तोच मागितला. आणि "माझी जबाबदारी संपली" हा संदेश मोबाईलवर असेल तर पुसू नकोस, छापून घे. तो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतात.

पगारातून वसूल होणं सगळ्यात सोपं. त्यांची नोकरी आहे की व्यवसाय?

अबोली

नोकरी आहे, खासगी कंपनीत, चांगल्या पदावर. अडचण पैशांची नाहीच.

वकील_निवृत्त

मग पगार जप्तीचा अर्ज दरखास्तीतच करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये खासगी नोकरदारांसाठी नियम ४८-अ आहे. न्यायालय कंपनीला कळवतं, कंपनी दर महिन्याला कापून न्यायालयात भरते. इतर कर्जांसाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो, पण निर्वाहाच्या हुकूमनाम्यात एक तृतीयांश पगार सोडून बाकीवर जप्ती येऊ शकते. शिक्षणाचा खर्च निर्वाहात मोडतो, हे अर्जात ठामपणे लिहा. मालमत्ता लपवायचा संशय असेल तर त्याच आदेशाच्या नियम ४१ खाली त्यांच्याकडून मालमत्तेचं शपथपत्र मागता येतं. नोव्हेंबर २०२० च्या पोटगीवरच्या मोठ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पोटगीचे आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखे अमलात आणता येतात असं सांगितलं आहे, तो निकाल जोडा. शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा, आई कमावती असेल तर उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावा, असंही त्यात आहे. वडिलांचे वकील शेवटचा भाग दाखवतील. तुमच्या अटींत खर्च त्यांच्यावर आहे, त्याला तुम्ही धरून राहा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

केतकी

मी वकील नाही. मी त्या मुलीच्या जागी होते, एकोणीस वर्षांची. माझ्या आईनेही मला त्रास नको म्हणून काही केलं नाही, आणि मला ते पंचवीसाव्या वर्षी कळलं, तिच्या कर्जाचे कागद हाती लागले तेव्हा. मला खूप राग आला होता, वडिलांचा आणि आईचाही. तिने मला विचारलंच नव्हतं. मी गप्प राहायला सांगितलं असतं असं तिने गृहीत धरलं होतं.

काकू, तुमच्या मुलीने "राहू दे" म्हटलं तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती. आता वीस वर्षांची आहे. फाईल तिला दाखवा. ते दुसरं वाक्य तिच्या वडिलांनी स्वतः सही करून दिलेलं आहे, हे तिला माहीत असणं तिचा हक्क आहे.

वकील_निवृत्त

केतकीच्या बोलण्याला कायद्याच्या बाजूनेही आधार आहे, म्हणून पुन्हा लिहितो. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असं म्हटलं की वीसेक वर्षांची मुलगी वडिलांशी कुठलंही नातं ठेवायला तयार नसेल, तर ती त्यांच्याकडे शिक्षणाचा खर्च मागू शकत नाही. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मुलीला आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवण्याचा हक्क आहे, तो कायद्याने बजावता येतो, असंही सांगितलं. दोन्ही वाचले तर एक गोष्ट कळते. मुलांनी रागाच्या भरात वडिलांना "आमचा तुमच्याशी संबंध नाही" असं लिहू नये. तुमच्या मुलीने बोलणं टिकवून ठेवलं, ते नात्यासाठी टिकवलं, पण ते तिच्या बाजूनेही आहे.

अबोली

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोघांना बसवून फाईल दाखवली. मुलगा आधीच चिडलेला होता, त्याला तसा संदेश पाठवू नकोस म्हणून सांगितलं. मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबांना ही नोटीस जायच्या आधी मी एकदा त्यांना फोन करते. पैसे मागायला नाही, सांगायला. त्यांना टपालातून कळू नये." मी तिला अडवलं नाही. महिन्याच्या रकमेसाठी तिला अर्ज करायचा नाही, तो तिचा निर्णय.

तिने आज सकाळी फोन केला. दहा मिनिटं बोलली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वडील नोटिशीला उत्तर देतील, एवढंच म्हणाली.

सोमवारी रजा टाकली आहे. आधी कौटुंबिक न्यायालयात हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज देते, मग विधी सेवा प्राधिकरणात जाते. पावत्या लावून झाल्या, मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राची तेवढी सापडत नाही. मृण्मयी, महाविद्यालयाच्या कार्यालयात तो दाखला मिळवायला अर्ज कोणाच्या नावाने केला होतास, तुझ्या की मुलीच्या?

मृण्मयी

मुलीच्या. विद्यार्थिनीच्या सहीशिवाय ते देत नाहीत. सोबत ओळखपत्राची प्रत, आणि तू ज्या दिवशी पैसे भरलेस ती तारीख बँकेच्या विवरणपत्रातून काढून अर्जात लिही, म्हणजे त्यांना नोंद लगेच सापडेल.