डायनिंग टेबलला तांब्याचा पत्रा: कुठला घ्यावा, सांभाळायचा कसा?

मोगरा_सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय आणि डायनिंग टेबल रेडिमेड न घेता हाताने ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याचं करून घ्यायचं असं कधीपासून डोक्यात आहे. आजीच्या न्हाणीघरात तांब्याचं घंगाळ होतं, ते चिंचेने घासायचं काम माझ्याकडे असायचं, घासून उन्हात पालथं घातलं की जो रंग यायचा तो अजून डोळ्यासमोर आहे. ते घंगाळ आई मोडीत घालू देणार नाही आणि मलाही ते मोडायचं नाहीये, टेबल नव्या पत्र्याचंच करायचंय. साइज ५ बाय ३ फूट. आता घोळ असा की एक कारागीर म्हणतो २४ गेज पुरे (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितका पत्रा पातळ), दुसरा म्हणतो १८ पेक्षा पातळ घेऊच नका, आणि दोघांच्या भावात दुपटीच्या वर फरक आहे. घरात दोन मुलं, आमटी लिंबू लोणचं सगळं सांडणार. लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक थर, मारून घ्यावं का? आणि सासूबाई म्हणतात तांब्याला आंबट चालत नाही, कळकतं, मग त्यावर जेवायचं कसं?

पत्रेवाला_कुपवाड
ताई, पहिली गोष्ट, कोटेशनवर गेज नको, मिलिमीटर लिहून घ्या. गेजचे तक्ते वेगवेगळे असतात, एकाचं १८ म्हणजे १.२ मिमी तर दुसऱ्याचं १ मिमी, आणि मग भांडण. २४ गेज म्हणजे जेमतेम अर्धा मिमी, तो भिंतीवरच्या पॅनेलला ठीक, टेबलावर मुलांनी वाटी आपटली की पोचा पडणार. १.२ चांगलाच पण खाली चांगलं प्लाय असेल तर ०.९ ते १ मिमी मध्ये काम भागतं. हिशोब तुम्ही स्वतः करू शकता, १ मिमीचा १ चौरस मीटर पत्रा जवळपास ९ किलो भरतो. तुमच्या साइजला काठ दुमडायला चारी बाजूंनी ३ इंच जास्त धरले तर १६ किलोच्या आसपास तांबं लागेल, त्या दिवसाचा किलोचा भाव बघा म्हणजे माल किती आणि मजुरी किती ते कळेल. मजुरीत घासाघीस करू नका, ठोक्याचं काम हातानेच होतं आणि त्याला दिवस लागतात.

पैसे वाचवायला जाऊन लोकं फसतात ती जागा म्हणजे खालचं प्लाय. आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलं मरीन प्लायच घ्या. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे एक टेबल आलं होतं, तांब्याला काही झालं नव्हतं, घासून लख्ख निघालं, पण आतलं साधं प्लाय फुगून पाव झालेलं. प्लायच्या खालच्या अंगालाही लॅमिनेट मारून घ्या, नाहीतर एकाच बाजूला धातू चिकटवल्याने ते वाकतं. स्क्रू पितळी. लोखंडी स्क्रू तांब्याला टेकला आणि ओल आली की लोखंड झपाट्याने गंजतं. आणि कोपरे डाख देऊन (सोल्डरने जोडून) बंद करून, कानशीने मारून घ्या, मुलांच्या डोक्याच्या उंचीला येतात ते.

अजिंक्यतारा_दर्शन
आमच्याकडे साताऱ्यात सहा वर्षं झाली तांब्याचं टेबल वापरतोय, रोजच्या जेवणाला, त्यामुळे अनुभवाचं सांगते. लॅकर आम्ही मारलं होतं. पहिलं वर्ष अगदी नव्यासारखं, मग कुणीतरी गॅसवरून उतरवलेला कुकर तसाच ठेवला आणि तिथे पांढरं गोल वर्तुळ उमटलं, पुढे जिथे जिथे चरा पडला तिथून हवा आत शिरून लॅकरच्या खालीच काळे दोरे धावायला लागले. ते वरून पुसून जात नाही. सगळं लॅकर उतरवावं लागलं, तीन दिवस घरभर थिनरचा वास. त्यानंतर लॅकर नाहीच, मेण लावतो. मधमाशांचं मेण पातळ हाताने चोळायचं, तासाभराने सुती कापडाने घासून चमकवायचं, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा, जिथे जास्त वापर तिथे मधेच एखादा हात. मेण ६२-६४ डिग्रीला वितळतं म्हणून गरम भांड्याखाली आडणी पाहिजेच, ते तर लॅकरलाही लागतंच.

आता काळं पडण्याचं. ते पडणारच. गुलाबी, मग बदामी, मग चॉकलेटी होत जातं आणि आमच्या इथल्या पावसात तर महिन्याभरात फरक दिसतो. मला पहिल्यांदा फार वाईट वाटलं होतं, आणि त्याच वाईट वाटण्यात एक चूक केली, एका डागावर अर्धं लिंबू नि मीठ चोळलं. तो डाग गेला पण चॉकलेटी टेबलाच्या मधोमध झगझगीत गुलाबी ठिपका, जाईना. म्हणून चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावायचं तर अख्ख्या टेबलाला एका दमात, भरपूर पाण्याने पुसून लगेच कोरडं. एरवी फक्त ओलं फडकं आणि भांड्याचा सौम्य साबण. तारेची घासणी घरात त्या टेबलाच्या जवळपासही नको.

सासूबाई बरोबरच म्हणतात, बिनकल्हईच्या तांब्यात ताक किंवा चिंचेचं ठेवलं तर तांबं त्यात उतरतं, कल्हई करायचे ती त्यासाठीच. पण टेबलावर अन्न ताटात असतं. फक्त थेट पत्र्यावर कणीक मळू नका, कैरीच्या फोडी मांडू नका, आणि लोणच्याचा चमचा टेकवला तर तेव्हाच्या तेव्हा पुसा, रात्रभर राहिला की हिरवट चट्टा दिसतो.

कसबा_ते_कराड
माहेर पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीच्या ठोक्यांतच वाढले, म्हणून लिहायचं राहवत नाही. तिथे त्या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा पसरतो आणि कडक होतो, म्हणून मधेमधे लाल तापवून परत मऊ करावा लागतो, जो कारागीर हे टाळतो त्याचा पत्रा ढोलासारखा फुगलेला राहतो आणि प्लायवर बसत नाही. ताई, प्रेसमध्ये छापलेलं डिझाइन आणि हाताचं मठार ओळखायला सोपं आहे, छापलेल्यात खळगे हुबेहूब एकसारखे, काही इंचांनी तोच नमुना परत येतो. तुमच्या घरी मुलं आहेत तर मठारच घ्या, गुळगुळीत पत्र्यावर प्रत्येक बोट आणि प्रत्येक चरा दिसतो, मठारात नवा पोचाही मिसळून जातो. फक्त खळगे उथळ करायला सांगा, खोल असले की ग्लास डुगडुगतो आणि मुलांची वही ठेवून लिहिता येत नाही. ऑर्डर देण्याआधी फूटभर तुकडा करून मागा, त्याचे पैसे द्या, आणि तो महिनाभर ओट्यावर ठेवून रोज वापरा.

आणि लॅकरबद्दल अजून एक. तांब्यावर जंतू टिकत नाहीत हा गुण खरा आहे, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची तशी नोंदणीही केली, पण तो उघड्या धातूचा गुण आहे, वर लॅकरचा थर आला की संपला. टेबल पुसायचं ते पुसायचंच.

मोगरा_सांगली
सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. घरी वाचून दाखवलं, सासूबाई कल्हईच्या मुद्द्यावर खूष. १ मिमी, उथळ मठार, मरीन प्लाय, लॅकर नाही असं ठरवलंय. एकच विचारायचं होतं, दुपारी ऊन येतं त्या खिडकीपाशी टेबल ठेवलं तर चालेल ना?

पत्रेवाला_कुपवाड
ऊन तांब्याला काही करत नाही, पण पत्रा तापतो आणि खालचा गोंद सैल पडू शकतो, मेणही मऊ होतं. खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्या किंवा पडदा लावा. आणि नमुन्याचा तुकडा आला की फोटो टाका इथे.

अजिंक्यतारा_दर्शन
मोगरा, तुकड्याच्या अर्ध्या भागाला मेण लाव, अर्धा तसाच ठेव. एका अर्ध्यावर आमटीची वाटी, दुसऱ्यावर पण. मग ठरव.