मदत हवी आहे: मुंबईतले धोक्यात आलेले प्राणी (आज रात्रीपर्यंत)

चाळकरी_परळ: मुंबईतले धोक्यात आलेले सहा प्राणी-पक्षी सांगा. गूगल केलं की गेंडा, हिमबिबट्या आणि पांडा येतो. पांडा! लिंका नकोत, वाचायला वेळ नाही. थेट नावं टाका.

शंकेखोर: कितवीचा प्रकल्प? पाचवीला चित्रं चिकटवून भागतं, नववीला माहिती लागते.

पवईकर: मुंबई म्हणजे महापालिकेची हद्द की ठाणे-नवी मुंबई धरून? समुद्र धरायचा का? निम्मी यादी त्यावर बदलते.

दादरची_मावशी: चिमणी लिहा. आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोमागे घरटं असायचं, आता नुसती कबुतरं. गॅलरीला जाळी चांगली कोण लावून देतं?

चाळकरी_परळ: शाळेचं नाही हो! मंडळाचा देखावा आहे. सहा कटआउट, प्रत्येकाखाली चार ओळी. बॅनरवाला दहा वाजता फाइल मागतोय.

शंकेखोर: मग हे आधी नाही का सांगायचं? थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, लक्षात असू द्या.

चाळकरी_परळ: प्लायवूड आहे, दादा. प्राणी सांगा.

पवईकर: घ्या. बोरिवलीच्या उद्यानातला आणि आरेतला बिबट्या. पवई तलावातली मगर. ऑलिव्ह रिडले कासव, 2018 मध्ये वर्सोव्याच्या वाळूतून याची पिल्लं समुद्रात गेली होती. तिघंही आययूसीएनच्या रेड लिस्टमध्ये (कुठली जात किती धोक्यात, याची जागतिक यादी) 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित. चौथा हंपबॅक डॉल्फिन, तो 'एन्डेंजर्ड', म्हणजे एक पायरी जास्त धोक्यात. नशिबात असेल तर किनाऱ्यावरूनही दिसतो.

घुबड: फ्लेमिंगो विसरलात.

पवईकर: मुद्दाम वगळला. ठाणे खाडीत थवेच्या थवे उतरतात, तो कसला धोक्यात?

घुबड: नुसत्या थव्यांवरून ठरत नाही, साहेब. फ्लेमिंगो म्हणजे रोहित, त्यातला मोठा रोहित 'लीस्ट कन्सर्न' (फारशी काळजी नाही) आहे, छोटा रोहित 'निअर थ्रेटन्ड' (धोक्याच्या उंबरठ्यावर). आपल्या खाडीत गर्दी असते ती छोट्याची. चार ओळींत एवढं टाका: ठाणे खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आणि कोल्हा घ्याच. विक्रोळी, चारकोपच्या कांदळवनात राहतो, हे निम्म्या मुंबईला ठाऊक नाही.

पवईकर: कोल्हासुद्धा 'लीस्ट कन्सर्न'च आहे. हाच नियम लावा की.

घुबड: जगात मुबलक आहे म्हणून मुंबईतही आहे असं होत नाही. शिवाय वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, बिबट्याच्याच रांगेत.

पवईकर: कायद्याची यादी वेगळी, रेड लिस्ट वेगळी. देखाव्यात खिचडी केली तर लोक हसतील.

दादरची_मावशी: आणि माझी चिमणी?

पवईकर: मावशी, चिमणी रेड लिस्टमध्ये धोक्यात नाही. शहरात कमी दिसते ते खरं.

दादरची_मावशी: म्हणजे मला दिसत नाही ते खोटं का? आणि जाळीचं कोणी बोललंच नाही.

वेसावची_पोर: सगळे जंगलच बघतात. हातोडीसारख्या डोक्याची मुशी (शार्क) असते ना, हॅमरहेड, तिची एक जात 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' आहे. बिबट्याच्या दोन पायऱ्या पुढे! आमच्याकडे हल्ली जाळ्यात येते ती हातभर लांबीची, म्हणजे पिल्लूच. पण तिचा देखावा कोण करणार? गोंडस नाही ना ती.

चाळकरी_परळ: ताई, ही भारी आहे. घेतली. हिच्यासमोर गर्दी थांबेल.

सर्पमित्र_कांदिवली: साप घरात आला तर मारू नका. लांबून लक्ष ठेवा, वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

शंकेखोर: साप कोणी विचारला?

घुबड: फाइल द्यायच्या आधी फोटो तपासा, बॅनरवाले नेटवरून काहीही उचलतात. शेंदरी-लालभडक फ्लेमिंगो दिसला तर तो कॅरिबियन बेटांकडचा. आपला छोटा रोहित फिकट गुलाबी, चोच गडद, लांबून काळीच वाटते. बिबट्याच्या जागी जॅग्वार हमखास येतो. अंगावरच्या गोल ठिपक्यांच्या आत पुन्हा काळे टिपके असले की जॅग्वार. बिबट्याचे गोल आतून रिकामे. डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असेल तर तो चित्ता.

चाळकरी_परळ: आत्ता फाइल उघडली. जॅग्वारच निघाला! बदलायला सांगतो.

पवईकर: मधल्या जागी वाघोबा ठेवता येईल. उद्यानातल्या पाड्यांवर वारली लोक पूजतात. मूर्तीच्या बाजूला शोभेल.

चाळकरी_परळ: अध्यक्षांना विचारावं लागेल, त्यांना मधे कारंजं हवंय. बाकी ठरलं: बिबट्या, मगर, कासव, डॉल्फिन, छोटा रोहित, हॅमरहेड. कोल्ह्याला जागा उरली नाही. घुबडदादा, पुढच्या वर्षी.

घुबड: मगर काढा, कोल्हा घाला. मगर काय, राणीबागेतही बघायला मिळते.

पवईकर: खबरदार!

नवा_सदस्य: धागा पूर्ण वाचला नाही, पण प्रकल्पात शेकरू हवाच. राज्यप्राणी आहे. पाल्य कितवीत आहे?