‘ओबुसुमा’ला मराठीत काय म्हणावे?

जाईजुई : केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुसिया काउंटीत आणि काकामेगातील नवाखोलो परिसरात राहणाऱ्या अबान्याला लोकांच्या घरगुती जीवनावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. आई तीन दगडांच्या चुलीवर आधणात पीठ वैरते, लाकडी कलथ्याने घोटून घट्ट झालेला ‘ओबुसुमा’ ताटात उपडा करते, सोबत चवळीच्या पाल्याची भाजी असते आणि कोंबडी शिजली असेल तर तिचा पेटा वडिलांच्या वाट्याला जातो, असे त्यात एक वाक्य आहे. ‘पेटा’ (कोंबडीच्या पोटातील दाणे दळणारी मांसल पिशवी) हा खाटकाकडचा शब्द असला तरी नेमका आहे, म्हणून मी तो ठेवला. ‘ओबुसुमा’ला मात्र मी ‘उकड’ लिहिले, तेव्हा माझ्या वहिनींनी विचारले, “ताक घातले होते का?” कृपया शब्द सुचवावा.

माजघर : आपल्या वहिनींचे बरोबर आहे. तांदळाची उकड म्हटली की ताक, मिरची आणि वरून कच्चे तेल एवढे डोळ्यांसमोर येणारच. तथापि मोदकांसाठी काढतो तीही उकडच असते आणि ती घट्टच असते. शब्द एकच असून पदार्थ दोन आहेत, एवढेच. आपण ‘नाचणीची घट्ट उकड’ लिहावे.

सीमेपल्याड : नोकरीमुळे मी पंधरा वर्षे म्हैसूरला काढली आहेत. तेथील नाचणीचा ‘मुद्दे’ हा याचा सख्खा भाऊ शोभतो. मात्र मुद्दे न चावता गिळायचा असतो, आणि ओबुसुमाचा घास बोटांनी वळून, अंगठ्याने त्यात खळगा करून, त्या खळग्यात भाजी उचलायची असते. तरीही ‘मुद्दा’ हा शब्द मराठीत आणावा असे मला वाटते.

माजघर : “आईने ताटात मुद्दा उपडा केला” हे वाक्य वाचून वाचक वादविवादाची वाट पाहील.

पाटावरवंटा : परक्या शब्दाच्या मागे लागण्याचे कारणच नाही. याच पदार्थाला स्वाहिलीत ‘उगाली’ म्हणतात, आणि ते आपल्या ‘उगाळणे’वरून गेले असावे असे माझे मत आहे, कारण रेल्वे बांधायला आपलेच लोक तिकडे गेले होते.

रूळरेघ : मोम्बासापासून सरोवरापर्यंतचा लोहमार्ग 1896 ते 1901 या काळात हजारो भारतीय मजुरांनी बांधला, हे खरे आहे, आणि ‘चपाती’ हा शब्द स्वाहिलीत आपल्याकडूनच गेला. ‘उगाली’ मात्र तिथलीच आहे. स्वाहिलीत ‘उंगा’ म्हणजे पीठ आणि ‘उजी’ म्हणजे पेज. या शब्दांच्या आरंभीचा ‘उ’ आणि ओबुसुमातील ‘ओबु’ हे एकाच जातीचे उपसर्ग आहेत. शिवाय उगाळायला सहाण लागते. आधणात कोणी काही उगाळत नाही. उलट, मक्याचे पीठ सर्रास होण्याआधी ओबुसुमा नाचणीचा आणि ज्वारीचा होत असे, आणि नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातूनच आपल्याकडे आली आहे. तेव्हा ‘परके’ कोण, हे आपणच ठरवावे.

पाटावरवंटा : धान्य आले म्हणून शब्दही आणावा, असे कोठे आहे? आमच्या आजीकडे ज्वारीचा ‘घाटा’ होत असे. घाटणे म्हणजे ढवळून एकजीव करणे. चांगला मराठी शब्द चुलीपाशी असताना आपण तो विसरतो, हे दुखते.

सीमेपल्याड : आपला घाटा वाटीत घेऊन चमच्याने खातात. ओबुसुमा सुरीने कापता येतो.

रानभाजी : मूळ वाक्यातील एक मोठी चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. मुंबईच्या बाजारात ‘चवळीची जुडी’ मागितल्यास विक्रेता चवळई देतो, आणि ती माठाची बहीण आहे. अबान्यालांच्या भाजीत मात्र चवळीच्या वेलाची, म्हणजे उसळीच्या चवळीची, कोवळी पाने असतात. अबान्याला ज्यात मोडतात त्या लुह्या समूहात अशा पालेभाज्यांत शेंगांच्या टरफलांची राख पाण्यात गाळून काढलेला खार घालतात, त्यामुळे पाने लवकर मऊ होतात.

माजघर : आमच्या रत्नागिरीत ‘चवळी’ म्हटले की दाणेच आठवतात. चवळईला ‘चवळी’ म्हणणे हा मुंबईकरांचा आळस आहे.

रानभाजी : लाखो लोक रोज जो शब्द वापरतात त्याला आळस म्हणता येत नाही. तीस वर्षे दादरला भाजी घेत आहे. मला एकदाही चुकीची जुडी मिळालेली नाही.

माजघर : कारण आपल्याला दुसरी जुडी कधी हवीच नव्हती.

जाईजुई : ‘चवळीच्या वेलाची कोवळी पाने’ अशी दुरुस्ती मी केली आहे, आणि खाराबद्दल विशेष आभार, कारण त्या शब्दाला मी ‘सोडा’ लिहून बसले होते. ओबुसुमाच्या जागी तूर्त मोकळी जागा सोडली आहे. मजकूर सोमवारी द्यायचा आहे.

पाटावरवंटा : मोकळीच सोडायची असेल, तर तेथे ‘घाटा’ लिहावे.