अनुभव धागा : पावसाळा, कुबट वास आणि भिंतीवरची बुरशी

परवा झाडू मारायला दिवाण पुढे ओढला आणि मटकन बसलेच. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत भिंतीवर काळे ठिपके, फोडणीची मोहरी उडावी तसे. राहायला ठाण्यात, इमारत १५ वर्षांची. सासूबाई महिनाभर म्हणत होत्या, "काहीतरी कुबट येतंय गं." मी न वाळलेल्या कपड्यांवर खापर फोडून उदबत्ती लावत होते.

बुरशी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं आणि पाणी कुठून येतंय ते कसं शोधलंत, तेवढं लिहा. रंगाऱ्यांचे नंबर नकोत.

सातवा मजला

आमच्याकडे बेडरूमच्या कोपऱ्यात, छताजवळ. वरचे काका म्हणायचे, "पाऊस आहे हो, सगळ्यांकडेच आहे." दोन वर्षं मीही मान डोलावली. मग ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख टाकली. दर रविवारी नवी रेघ. एप्रिल-मेमध्ये, बाहेर पावसाचा टिपूस नसताना, रेघा सरकतच होत्या! त्यानंतर काका १० दिवस गावी गेले, तेव्हा पहिल्यांदा कड सुकून पिवळी पडली. तेव्हा कुठे त्यांच्या बाथरूमची नहाणी उकरली गेली. सांधा गेलेला. भिंतीवरच्या तारखा पाहून काकांनी वाद घातला नाही. खर्चावरून मात्र घातला.

तोवर मी तीनदा रंग दिला होता, तेही बुरशी न घासता. ठिपके दरवेळी रंगातून वर आले.

नवीन भाडेकरू

आमच्या भिंतीला पांढरं, कापसासारखं काहीतरी आलंय. हीपण बुरशीच का?

जांभ्याचं घर

पांढरं दिसलं की लगेच घाबरू नका. तो बहुतेक खार असतो, आमच्याकडे लोणा म्हणतात. चिमूटभर काढून पाण्यात टाका. विरघळला तर लोणा, बुरशी विरघळत नाही. पण लोणा म्हणजेही भिंतीतून पाणी येतंय, तेव्हा सुटका नाहीच.

आमचं घर राजापूरकडचं. जांभा जमिनीतलं पाणी वर ओढतो, आजोबांच्या काळापासून. पण तेव्हा चुना होता. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. मुंबईच्या भावाने हौसेने आतून प्लास्टिक पेंट मारून घेतला. पहिल्याच श्रावणात रंगाला पापडासारखे फुगे! एक फोडला तर आतून चमचाभर पाणी आलं आणि मागे हिरवट-काळा थर. रंग खरवडून भिंतीला पुन्हा चुना दिला. भावाने विषय बदलला.

मनीप्लांट

भिंतीच्या आधी कपाट बोलतं. माझा चामड्याचा पट्टा, मग कोल्हापुरी, मग पैठणीची घडी, या क्रमाने पांढुरकी बुरशी आली. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होतं, मागे हवा खेळायला जागाच नाही. चार बोटं पुढे ओढलं, मागची बाजू घासून पुसली. पुढच्या पावसाळ्यात नुसत्या पट्ट्यालाच बुरशी धरली.

नवऱ्याच्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र गेली. उजेडात धरली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती चामड्याच्या बॅगेत बंद होती, म्हणजे आपणच बुरशीची सोय केलेली.

सिंगापूरहून

इथे बारा महिने आषाढ. मला गादीखाली सापडली. रात्रभर एसी १८ वर, दिवसा खिडक्या उघड्या. गार पडलेल्या भिंतीवर बाहेरची दमट हवा आली की दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. शेवटी छोटा आर्द्रतामापक आणला. आकडा ७० च्या वर दिवसेंदिवस राहिला की माझं नाक आठवड्याने जे सांगणार, ते तो आधी सांगतो. आता एसी २५ वर, आणि तो चालू असताना खिडक्या बंद.

दोन पोरांची आई

आमच्याकडे ओळखली ती डॉक्टरांनी. धाकट्याचा रात्रीचा खोकला जाईना. त्यांनी एकच विचारलं, "आजोळी गेल्यावर थांबतो का?" थांबायचा. साताऱ्याला चार दिवसांत साफ. घरी येऊन खेळण्यांच्या रॅकमागे पाहिलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तळ काळे. सगळाच खोकला बुरशीचा नसतो, त्याचं औषध वेगळं चालू आहे, पण खोली बदलल्यावर फरक पडला.

आणि एक, साफ करताना ब्लीचमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळू नका. "जोर येईल" म्हणून मी केलं होतं. क्लोरीन वायू सुटतो. डोळे, घसा, सगळं पेटलं. खोकत जिन्यात येऊन बसले.

सातवा मजला

धागाकर्तीसाठी : ठिपक्यांशेजारी स्वच्छ भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असेल तर घरातलीच हवा दमट.

धागाकर्ती

काढला. भिंतीकडची बाजू थबथबलेली! म्हणजे बिचारे कपडे निर्दोष.

त्याच भिंतीच्या बाहेर बिल्डरने दिलेला फ्लॉवर बेड आहे. आम्ही त्यात माती भरून तुळस, ओवा, गवती चहा लावलाय. आज नवऱ्याने वाकून पाणी जायचं भोक शोधलं. मातीने गच्च बुजलेलं, आत गवती चहाची मुळं. सळई घातल्यावर धार लागली ती दहा मिनिटं थांबेना, खालच्या वहिनी बाहेर येऊन ओरडल्या.

माती उद्या काढणार. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, गवती चहा त्यांचा आहे.