‘गॅस चालू कर’ म्हणजे नक्की काय कर? : वॉल, कॉक, झडप, रेग्युलेटर

विचारणा : जळगाव

मंडळी, एक पाटी लिहायची आहे आणि तीन दिवस एका क्रियापदापाशी अडून बसलो आहे.

मी इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वाळवणीच्या भट्टीचे बर्नर सांभाळतो. जुना बर्नर हाताने पेटवायचा होता. एके दिवशी सकाळी फिटरने नव्या पोराला लांबूनच सांगितले, “गॅस चालू कर.” पोराने पाइपावरचा कॉक उघडला आणि बाजूला उभा राहिला. फिटरला वाटले, चालू कर म्हटल्यावर पेटवेलच. पोराला वाटले, पेटवायचे काम फिटरचे. फिटर हातातले काम संपवून पेटता काकडा घेऊन आला आणि भट्टीच्या तोंडाशी वाकला. भप्प असा आवाज झाला. दार उघडे होते म्हणून थोडक्यात निभावले, पण भुवया आणि हातावरचे केस गेले. तो जळक्या केसांचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

चूक कोणाची, यावर नंतर बरीच चर्चा झाली. माझ्या मते चूक ‘चालू कर’ या शब्दांची होती. घरात गॅस सोडणे आणि पेटवणे एकाच हालचालीत होते, म्हणून ‘चालू कर’ पुरते. भट्टीवर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये जितका वेळ जाईल तितका गॅस आत साचतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशीच बसतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेले की ठिणगीची वाट बघत असतो.

आता आपोआप पेटणारा नवा बर्नर आला आहे. त्याच्यावर मराठी पाटी हवी. ‘गॅस सोडणे’ आणि ‘पेटवणे’ हे शब्द वेगळे ठेवायचे, हे ठरले. पण पाइपावर पाच-सहा व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येकाचे काम निराळे आणि सगळ्यांना नाव एकच. शासकीय परिभाषेत ‘झडप’. पोरांना झडप म्हटले तर कळेल का?

उत्तर : यावल

आमच्याकडे केळीच्या बागेत ‘वॉल’. ‘वॉल फिरव’, ‘एअर वॉल गळतोय’, ‘खालचा वॉल बंद कर’. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी बसवायच्या फूट व्हॉल्व्हला तर लोक सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. दुकानात फुटबॉल मागितला की बरोबर तीच वस्तू मिळते. गावात पाणी सोडणारा माणूस वॉलमन. झडप हा शब्द मी शाळेत हृदयाच्या धड्यात वाचला, त्यानंतर डॉक्टरच्या तोंडून ऐकला. पाटीवर ‘वॉल’च लिहा, भाऊ.

उत्तर : अमळनेर

वॉल लिहायला हरकत नाही, पण झडप इतक्या लवकर मोडीत काढू नका. मी विज्ञान शिकवायचो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हृदयाची झडप कोणी हाताने फिरवत नाही. रक्त मागे यायला लागले की ती आपली आपण मिटते. ‘झडप घालणे’ यातही क्षणात होणारी क्रिया आहे. ससाण्याने झडप घातली म्हणतो, गोगलगायीने घातली म्हणत नाही. म्हणजे या शब्दात दोन गोष्टी आधीच आहेत : आपोआप आणि झटकन. आता तुमच्या बर्नरच्या पाइपाकडे बघा. त्यावर विजेवर उघडणारे आणि वीज जाताच स्प्रिंगने मिटणारे व्हॉल्व्ह असतील. झडप हे नाव त्यांनाच शोभते. हाताने फिरवायच्या दांड्याला झडप म्हणणे मला तरी चुकीचे वाटते. तो कॉक. मोटरसायकलच्या पेट्रोलचा कॉक सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन शब्द, दोन कामे. सगळ्यांना ‘वॉल’ म्हटले की हा फरक पुसला जातो.

उत्तर : भुसावळ

गुरुजींचे पटले. मी ‘रेग्युलेटर’बद्दल लिहितो, कारण या शब्दाने आमच्या घरातच भांडण लावले होते.

वडील वाफेच्या इंजिनावर. त्यांच्या लेखी रेग्युलेटर म्हणजे ड्रायव्हरच्या हातातला दांडा. तो ओढला की बॉयलरची वाफ सिलिंडरकडे जाते आणि गाडी निघते. थोडा ओढा, जास्त ओढा, सगळे माणसाच्या हातात. पंख्याचा रेग्युलेटरही तसाच. घरी पहिल्यांदा गॅस आला तेव्हा ज्योत कमी करायला ते सिलिंडरवरच्या रेग्युलेटरची चकती फिरवायला जायचे आणि आई ओरडायची.

गॅसचा रेग्युलेटर माणसाचे ऐकत नाही. आत एक पडदा आणि स्प्रिंग. सिलिंडरमध्ये दाब कितीही असो, पलीकडे तो ३० मिलिबारच्या आसपास, म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब बांधून ठेवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात सिलिंडरमधला दाब त्याच्या शंभराहून अधिक पट असतो, तरी शेगडीला पत्ता लागत नाही. त्याच्यावरची चकती फक्त चालू-बंदची. तेव्हा पाटीवर ‘दाब बांधणारा’ असे काही लिहा. ‘नियंत्रक’ लिहू नका. नियंत्रक म्हटले की पोरगा तो फिरवून आच कमी करायला जाईल, आमच्या वडिलांसारखा.

उत्तर : नंदुरबार

स्वयंपाकघरातली एक गोष्ट. शेगडीचा नॉब बंदपासून फिरवला की आधी मोठी आच येते, आणखी फिरवला की सिम. म्हणजे जास्त फिरवले तर गॅस कमी! म्हणून आम्ही कोणी ‘नॉब कमी उघड’ म्हणत नाही, ‘गॅस बारीक कर’ म्हणतो. वस्तू कशी फिरते ते कशाला सांगायचे? ज्योतीचे काय व्हायला हवे ते सांगा. भट्टीच्या पाटीवरही तसेच करा, दादा.

उत्तर : साक्री

जिभाऊ, तुम्ही सगळे नळातून गॅसकडे आलात, मी पाटातून येतो. आमच्या पांझरेवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाण्याच्या वाटणीला ठरलेली माणसे. पाटकरी पाणी सोडतो, फिरवतो, बारे, म्हणजे पाण्याची पाळी, संपले की तोडतो. जागल्या राखण करतो. हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवतो. आणि जादा पाण्याला सांडवा.

तुमचे वर्णन वाचताना मला पूर्ण पाट दिसला. गॅस ‘सोडणे’ तुम्ही बरोबर धरले. त्याच्या उलट ‘बंद करणे’ नको, ‘तोडणे’ घ्या. बंद म्हटले तर वाटते की जरा पाझरले तरी चालेल. ‘पाणी तोडले’ म्हटल्यावर शेतात थेंब येत नाही. आमनाकडे अजून तसंच म्हनतस.

आणि ज्योत पेटती आहे की विझली हे बघत बसणारे जे यंत्र असेल, तो जागल्या.

पुन्हा : जळगाव

साक्रीकरांनी मला झोपू दिले नाही. रात्री दहा वाजता पाइपाचे चित्र काढून शब्द मांडत बसलो.

‘तोडणे’ हा शब्द मी शोधत होतो, हे तो मिळाल्यावर कळले. गॅस कमी-जास्त करायला एक बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या आत फिरणारी चकती, आहे. तो पूर्ण मिटवला तरी कडेने थोडा गॅस जाऊ शकतो, कारण घट्ट मिटणे हे त्याचे कामच नव्हे. आमच्या एका ऑपरेटरला तो मिटलेला दिसला की गॅस बंद झाला असे वाटायचे. आता त्याला सांगता येते : हा फिरवणारा आहे, तोडणारा नाही. तोडायला वेगळ्या दोन झडपा. दोन का, तर एकीच्या बैठकीत, म्हणजे ती मिटताना टेकते त्या जागी, कचरा अडकून ती पाझरली तरी दुसरी तोडते. आमच्या जोडणीत दोघींच्या मध्ये एक बारीक नळी शेडच्या बाहेर, उंचावर काढली आहे. वीज गेली की दोन्ही झडपा मिटतात आणि या नळीवरचा व्हॉल्व्ह उलट उघडतो. पहिलीतून पाझरलेला गॅस भट्टीकडे न जाता बाहेर पडतो. फिटर त्याला ‘व्हेंट’ म्हणतो. मी ‘सांडवा’ लिहिले, त्याने वाचले आणि मान डोलावली.

‘जागल्या’वर मात्र अडलो. शब्द मला फार आवडला. बर्नरच्या मागे ती काचेची डोळ्याएवढी खिडकी आहे, तिच्यामागून यूव्ही सेल ज्योतीकडे बघत असते. ज्योत गेली की काही सेकंदांच्या आत ती झडपांची वीज तोडते. काम अगदी जागल्याचेच. पण आमची पोरे तिला ‘फोटोसेल’ म्हणतात, दुकानदारही तेच म्हणतो. रात्रपाळीत काच काळवंडून बर्नर बंद पडला, तर फोनवर ‘जागल्या पुसा’ म्हटल्याने काम अडेल. म्हणून पाटीवर ‘फोटोसेल’ ठेवले. शिकवताना जागल्याच सांगतो.

उत्तर : भुसावळ

ते ठीक केलेत. एक शब्द राहिला : ‘रिसेट मारणे’. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काम केलेले लोक सांगतील, ज्योत गेल्यावर आधी पाच मिनिटे पंख्याने आतली हवा झाडून काढतात, मगच पुन्हा पेटवण्याचे बोलायचे. छोट्या बर्नरवर मात्र तो अडकून लाल दिवा लागला की लोक रिसेटचे बटण दाबत राहतात. प्रत्येक दाबण्याला बर्नर नव्याने पेटवायला बघतो, म्हणजे प्रत्येक वेळी थोडा गॅस आत. ‘मारणे’ या क्रियापदाने ते काम टिचकी मारण्याइतके सोपे करून टाकले आहे. ‘लॉक झाला’ म्हणतात ना, मग तो ‘सोडवायचा’ असतो. का अडकला ते बघून.

पुन्हा : जळगाव

मान्य. अंतिम मसुदा खाली देतो. नंदुरबारच्या ताईंचे ऐकून ज्योतीपासून सुरुवात केली होती, पण हवा झाडण्याआधी ज्योत येत नाही, म्हणून क्रम बदलावा लागला.

१. पंखा चालू करा. आतली हवा पूर्ण झाडून निघेपर्यंत थांबा.
२. कॉकचा दांडा पाइपाच्या रेषेत आणा. गॅस झडपांपर्यंत येईल, बर्नरमध्ये जाणार नाही.
३. पेटवण्याचे बटण दाबा. आधी ठिणगी पडेल, मग झडपा गॅस सोडतील.
४. ज्योत निळी आणि बर्नरला धरून हवी. पिवळी झाली किंवा बर्नरपासून उचलली गेली तर सांगा.
५. लाल दिवा लागला तर कारण बघून एकदाच सोडवा. पुन्हा लॉक झाला तर कॉकचा दांडा पाइपाला काटकोनात आणून गॅस तोडा आणि मला बोलवा.

‘चालू’ हा शब्द फक्त पंख्याला ठेवला आहे. गॅसपुढे तो कुठेच नाही.

काल त्याच पोराला पाटी मोठ्याने वाचायला लावली. दुसऱ्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, “झडपांपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?” पाइपावर हात फिरवत त्याने शोधले, पण त्याला दोन सारख्याच निळ्या डब्या दिसल्या. आज सकाळी ब्रश घेऊन दोन्हींवर लाल अक्षरांत ‘झडप १’ आणि ‘झडप २’ लिहिले, मधल्या नळीवर ‘सांडवा’. रंग वाळला की त्याला पुन्हा वाचायला लावतो.