ॲरिझोना: शपथविधीनंतर मतदार नोंदणी करताना नागरिकत्वाचा पुरावा कोणता द्यायचा?

टेंपीकर_२१

मॅरिकोपा काउंटी. आईबाबांचा नागरिकत्वाचा शपथविधी पुढच्या महिन्यात आहे. दोघांकडे ॲरिझोनाचं लायसन्स आहे, पण ते ग्रीन कार्डावर काढलेलं. प्रश्न असे:

शपथ झाल्या झाल्या मतदार नोंदणीच्या फॉर्मवर नुसता लायसन्स नंबर टाकला तर चालतो का? नसेल तर शपथविधीत मिळणाऱ्या नॅचरलायझेशन (नागरिकत्व) सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडायची का? त्यावर 'कॉपी करू नये' असं छापलेलं असतं म्हणे. आणि आईच्या ग्रीन कार्डावर मधलं नाव बाबांचं आहे, लायसन्सवर मधलं नावच नाही. हे आड येईल का?

कलम_१६६

लायसन्स नंबर चालतो, पण तुमच्या आईबाबांचा लगेच चालणार नाही. घोळ तिथेच होतो.

२००४ च्या प्रपोझिशन २०० पासून (प्रपोझिशन म्हणजे मतदारांच्या थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) ॲरिझोनात नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. १ ऑक्टोबर १९९६ नंतर दिलेल्या ॲरिझोना लायसन्सचा नंबर हा त्यातला सर्वांत सोपा पुरावा, कारण लायसन्स देताना एमव्हीडी (राज्याचं वाहन परवाना खातं) कागद तपासते. पण ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर काढलेल्या लायसन्सला त्यांच्या नोंदीत 'एफ' असा शेरा असतो, एफ म्हणजे फॉरेन. तुम्ही शपथ घेतलीत हे इमिग्रेशन खातं एमव्हीडीला आपण होऊन कळवत नाही. काउंटी रेकॉर्डरने (मतदार यादी सांभाळणारा काउंटीचा अधिकारी) नंबर तपासला की समोर 'एफ' येतो आणि पुरावा मागणारं पत्र घरी येतं. ते पत्र जाहिरात समजून फेकलं की नोंदणी लटकलीच.

म्हणून आधी सर्टिफिकेट घेऊन एमव्हीडीत जायचं आणि नोंद बदलून घ्यायची. त्याच काउंटरवर मतदार नोंदणीही होते.

एमव्हीडीत जायचं नसेल तर कागदी फॉर्म भरा. त्यात दोन गोष्टींत फरक आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही:

अमेरिकन पासपोर्ट असेल तर माहितीच्या पानाची स्वच्छ झेरॉक्स जोडून फॉर्म टपालाने पाठवता येतो.

नॅचरलायझेशन सर्टिफिकेट मात्र कायद्याच्या भाषेत रेकॉर्डरला 'सादर' करायचं असतं, म्हणजे मूळ कागद घेऊन कचेरीत जायचं. नाहीतर फॉर्मवर त्याचा नंबर लिहायचा. नंबर लिहिला तर तो केंद्राच्या नोंदींशी जुळेपर्यंत नाव यादीत चढत नाही. सर्टिफिकेटवर दोन नंबर असतात. एक 'ए'पासून सुरू होणारा नऊ आकडी, तोच ग्रीन कार्डावरही असतो. दुसरा वरच्या उजव्या कोपऱ्यात, लाल शाईतला. फॉर्मवर जागा असेल तिथे दोन्ही लिहा, आणि कुठला कुठला ते स्पष्ट लिहा. अदलाबदल झाली की पडताळणी अडते.

कॉपीच्या बंदीचं म्हणाल तर छापलेलं वाक्य 'कायदेशीर अधिकाराशिवाय' नक्कल करू नये असं आहे. सरकारी कामासाठी झेरॉक्स काढायला हरकत नसते.

उंबरठा

वरच्यात एक भर. रिअल आयडीचा (केंद्राच्या ओळखपत्र नियमात बसणारा) तारा असलेलं लायसन्स म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. ग्रीन कार्डवाल्यांनाही तो तारा मिळतो. लायसन्सच पुरावा ठरावं असं 'एन्हान्स्ड' लायसन्स फक्त पाच राज्यं देतात: मिशिगन, मिनेसोटा, न्यू यॉर्क, व्हरमाँट, वॉशिंग्टन. ॲरिझोना त्यात नाही. दुसऱ्या राज्याचं साधं लायसन्स घेऊन शिकायला आलेली मुलं इथेच अडकतात.

नावाचं: आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे हमखास होतं. भारतीय पासपोर्टात पहिलं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असतं. तिथून ते व्हिसावर आणि ग्रीन कार्डावर जसंच्या तसं उतरतं. लायसन्स काढताना मात्र कुणीतरी सुटसुटीत म्हणून मधलं नाव गाळतं. एमव्हीडीत जाल तेव्हा लायसन्स सर्टिफिकेटवरच्या नावाप्रमाणेच करून घ्या, आणि नोंदणीच्या फॉर्मवरही तेच नाव, त्याच स्पेलिंगने. माहेरचं नाव एखाद्या कागदावर राहिलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह.

सडेतोड

एवढा बाऊ कशाला? नागरिक असाल तर कागद दाखवा. भारतातही दाखवावेच लागतात की.

कलम_१६६

भारतात नवीन नाव घालायचा फॉर्म ६ वय आणि पत्ता यांचा पुरावा मागतो, नागरिकत्वासाठी सहीचं घोषणापत्र असतं. अमेरिकेच्या केंद्रीय फॉर्मचंही तसंच आहे: शपथेवर सही. कागद मागणं हा ॲरिझोनासारख्या काही राज्यांचा जादा नियम.

त्याचा हिशेब कॅन्ससमध्ये झालेला आहे. तिथे २०१३ पासून पुरावा सक्तीचा झाला आणि सुमारे ३१,००० अर्ज अडले. खटल्यात कोर्टासमोर जे आलं त्यात १९९९ पासून यादीत शिरलेले बिगरनागरिक फार तर ३९ निघाले. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी नियम रद्द केला, २०२० मध्ये अपिलातही तो टिकला नाही. अडलेले बहुतेक नागरिकच होते, कागद हाताशी नसलेले.

ॲरिझोनातही यंत्रणाच चुकली होती. इथलं जुनं लायसन्स वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत चालायचं. १९९६ च्या आधीच्या लायसन्सची कुणी डुप्लिकेट प्रत काढली की संगणक नवी तारीख धरायचा आणि पुरावा दिलेला आहे असं मानायचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अशी सुमारे ९८,००० नावं सापडली, निवडणूक दीड-दोन महिन्यांवर; पुढे आकडा दोन लाखांवर गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पूर्ण मतपत्रिका द्यायला सांगितलं.

टेंपीकर_२१

पूर्ण मतपत्रिका म्हणजे? अर्धीही असते?

कलम_१६६

असते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की केंद्रीय फॉर्म आला तर ॲरिझोनाला वर आणखी कागद मागता येणार नाही. मग राज्याने दोन याद्या केल्या. पुरावा नसलेल्याला 'फेडरल ओन्ली' मतपत्रिका मिळते: अध्यक्ष, सिनेट, प्रतिनिधीगृह, बस. गव्हर्नर, राज्याचं विधिमंडळ, शाळा मंडळ, प्रपोझिशन्स यांपैकी काही नाही. घराच्या मालमत्ता कराशी आणि मुलांच्या शाळेशी ज्याचा संबंध, तेच सगळं गळतं.

राज्याचा फॉर्म पुराव्याविना दिला तर तो नाकारायची तात्पुरती मुभा सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिली. तेव्हा कुठला फॉर्म हातात आहे ते बघा. मुदत मतदानाच्या २९ दिवस आधीपर्यंत. मतदानाच्या दिवशी नोंदणी ॲरिझोनात होत नाही.

उंबरठा

एक अतिशय महत्त्वाचं. नागरिकत्वाची मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झालात असं नाही, शपथ घेतल्यावरच होता. मधल्या काळात एमव्हीडीत पत्ता बदलायला गेलात आणि 'मतदार नोंदणी करायची का?' याला हो म्हणून सही केलीत, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात याबद्दल थेट प्रश्न आहे. अर्ज नामंजूर होण्यापासून देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. वडीलधाऱ्यांना काउंटरवर एकटं पाठवू नका.

डबल_रोटी

मुलांचं कुणी विचारलं नाही म्हणून. आईबाप नागरिक झाले तेव्हा मूल १८ च्या आत, ग्रीन कार्डवर आणि त्यांच्याबरोबर राहत असेल तर ते आपोआप नागरिक होतं, पण त्याच्या नावाचं सर्टिफिकेट येत नाही. १६ व्या वर्षी ग्रीन कार्ड दाखवून लायसन्स काढलेलं असेल तर १८ व्या वर्षी नोंदीत 'एफ'च. एन-६०० हा अर्ज भरून त्याचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट काढायला हजार डॉलरच्या वर लागतात. पासपोर्ट त्याच्या कितीतरी स्वस्तात होतो आणि इथे पुरावा म्हणून सर्टिफिकेटाइतकाच चालतो.

टेंपीकर_२१

समजलं. म्हणजे शपथ, मग पासपोर्टचा अर्ज, तो आला की एमव्हीडी आणि नोंदणी. बरोबर?

कलम_१६६

क्रम उलटा करा. पहिल्या पासपोर्टच्या अर्जाबरोबर मूळ सर्टिफिकेट पाठवावं लागतं, आणि ते परत बहुधा वेगळ्या पाकिटाने येतं. तोवर हातात मूळ पुरावा काहीच नसतो. शपथ झाली की सर्टिफिकेटवरचं नाव, जन्मतारीख तिथल्या तिथे वाचून घ्या. चूक राहिली तर दुरुस्ती महिनोन्‌महिने रेंगाळते. मग एमव्हीडीत नोंद बदलणं आणि मतदार नोंदणी, आणि त्यानंतर पासपोर्टचा अर्ज. त्याच अर्जात पासपोर्ट कार्डही मागवा, ३० डॉलर जादा. पाकिटात मावतं आणि तेही नागरिकत्वाचा पुरावाच आहे.

नाव यादीत चढलं का ते राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं. तिथे 'फेडरल ओन्ली' दिसलं तर पासपोर्टची झेरॉक्स घेऊन सरळ रेकॉर्डरच्या कचेरीत जा, फोनवर वेळ घालवू नका.