नव्या कंप्युटरवर जुनी विंडोज: तुम्ही का टाकलीत, कशी टाकलीत?

रविवार कारंजा, डीटीपी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून सगळीकडे ‘नव्यावर चला’ एवढंच ऐकू येतं. पण आपल्या नाशकात कितीतरी टेबलांवर मी उलटं बघते. मशीन नवं, त्यावर आलेली विंडोज पुसलेली आणि जुनी टाकलेली. त्यात हौस नसते, पोटाचा प्रश्न असतो. म्हणून हा धागा. कशासाठी मागे गेलात, कुठे अडलात, आता ते मशीन कसं वापरता, सविस्तर लिहा. ‘सरळ नवीन सॉफ्टवेअर घ्या’ हा सल्ला कृपया नको. परवडत असतं तर घेतलंच असतं.

आधी माझं सांगते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांच्या स्मरणिका, सगळ्या जुन्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि अक्षर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. फॉन्टच्या पॅकेजला लॉक आहे, म्हणजे पोर्टला एक छोटी डबी लावल्याशिवाय ते उघडत नाही, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोज ७ च्या पुढे चालत नाही. जुना सीपीयू गेला म्हणून रीफर्बिश्ड घेतला, सहाव्या पिढीचा इंटेल, वर विंडोज १० प्रो. प्रोच्या लायसन्समध्ये विंडोज ७ प्रोफेशनलपर्यंत मागे जायची मुभा आहे, हे आधी वाचून घेतलं होतं.

विंडोज ७ ची डीव्हीडी घातली, भाषा विचारणारी पहिली खिडकी आली आणि माउस, कीबोर्ड दोन्ही गप्प. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, चालत होते, इथे नाही. कारण त्या पिढीच्या बोर्डावर सगळे यूएसबी पोर्ट ३.० च्या कंट्रोलरवर असतात आणि विंडोज ७ च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. माळ्यावरून जांभळ्या गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड काढला आणि पूर्ण इन्स्टॉलेशन टॅब, एंटरवर केलं. यूएसबीचा ड्रायव्हर नंतर सीडीवरून टाकला. आता हा सीपीयू नेटला जोडलेला नाही. पीडीएफ काढायची आणि पेनड्राइव्हने दुसऱ्यावर न्यायची.

सातपूर एमआयडीसी, मशीन शॉप

ताई, बरं झालं धागा काढलात. आमच्याकडे एक जुनं व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन, आहे. त्याला प्रोग्राम आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलने जातो आणि पाठवणारं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, १६ बिट. मशीन अजून मायक्रॉनमध्ये काम देतं. ते भंगारात काढायचा विचारही मनात येत नाही.

ऑफिससाठी आलेला पीसी विंडोज ११ प्रो चा होता. १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, आणि ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. ३२ बिट विंडोज १० मध्ये मात्र अजून सोय आहे. जुना प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की ती ‘एनटीव्हीडीएम (जुने प्रोग्राम चालवणारा भाग) बसवू का’ म्हणून विचारते.

खरी कसोटी बूटची. ६४ बिट यूईएफआयवर (बायोसची नवी पद्धत) ३२ बिट विंडोज बूट होत नाही. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय) चालू करावं लागतं, सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि डिस्कची मांडणी नव्या जीपीटीची जुनी एमबीआर करावी लागते. हे करताना डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून आधी पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवली. नव्या बोर्डांवर सीएसएम मिळतंच असं नाही. पीसी घेण्याआधी ते बघा, बाकी सगळं नंतर. आठ जीबी रॅम असली तरी ३२ बिटमध्ये चारच्या आतलीच वापरात येते. जी-कोड (मशीनचा प्रोग्राम) पाठवायला तेवढी पुरते.

मग यूएसबीवरून सिरियल करणारी कन्व्हर्टर केबल अडली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. चिप जुनी होती आणि नवा ड्रायव्हर तिला ओळखत नव्हता. आधीचा ड्रायव्हर निवडून दिला, पोर्ट कॉम १ ला बांधला, बॉड रेट ९६००, सेव्हन बिट, इव्हन पॅरिटी. पहिला प्रोग्राम कंट्रोलरच्या स्क्रीनवर एकेक ओळ उतरायला लागला तेव्हा ऑपरेटर मशीन सोडून पीसीपाशी येऊन उभा राहिला.

इंदिरानगर, निवृत्त

हे काही आजचं नाही. २००८ मध्ये मी एका पतसंस्थेचं काम बघत असे. नवीन लॅपटॉप व्हिस्टा बिझनेसचा आला. आमची खातेवही डॉसवरच्या फॉक्सप्रोत. व्हिस्टात ती फुल स्क्रीन होईना, कारण व्हिस्टाच्या नव्या पद्धतीच्या डिस्प्ले ड्रायव्हरला ते चालतच नसे. छोट्या चौकटीतले आकडे वाचताना डोळे दुखत. बिझनेस आवृत्तीला एक्सपी प्रोफेशनल टाकायची अधिकृत परवानगी होती, म्हणून सीडी घातली. थोड्या वेळात निळा पडदा, खाली 0x0000007B. एक्सपीला नव्या जोडणीची साटा डिस्क ओळखता येत नव्हती. एफ६ दाबून ड्रायव्हर द्या म्हणे, पण तो फ्लॉपीवरून. लॅपटॉपला फ्लॉपी कुठून असणार! शेवटी बायोसमध्ये डिस्कचं सेटिंग एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर केलं आणि काम झालं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, त्याच्या आधीच आम्ही नवीन प्रणालीवर गेलो. सभासदांचे पैसे असतात तिथे मुदत संपलेली विंडोज ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंगापूर रोड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

काका, तुमची साटावाली गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण माझं अगदी तेच झालं. लॅपटॉप बाराव्या पिढीचा, विंडोज ११ होम. मला टास्कबार उभा, डावीकडे लागतो आणि ११ मध्ये तो मिळेना. १० चा सेटअप चालवला तर डिस्कची यादी रिकामी! इंटेलची व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी सोय) चालू असली की त्या सेटअपला एसएसडी दिसत नाही. ‘लोड ड्रायव्हर’मधून इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरची आयएनएफ फाइल दिली तेव्हा दिसली. मग वायफाय नाही. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं.

पण मी परत ११ वर आलो. या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन तऱ्हेचे कोअर आहेत, आणि कोणतं काम कुठे द्यायचं ते ११ ला जास्त चांगलं कळतं. शिवाय मागे जायची मुभा प्रो ला आहे, होमला नाही, हे मला एम.जी. रोडवरच्या दादांनी सांगितलं. विंडोजची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असल्यामुळे ११ आपोआप ॲक्टिव्हेट झाली.

पिंपळगाव बसवंत, कांद्याची आडत

आम्हाला मागे जावंच लागलं नाही. हिशेबपट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते आणि ११ मध्ये त्या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्हता. ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ निवडला, पट्टी निघाली. एवढं करून बघा, मगच फॉरमॅट मारा.

एम.जी. रोड, रिपेअरिंग

वरचे दादा म्हणजे मीच. माझ्याकडे येणाऱ्यांना आधी दोन गोष्टी विचारतो: बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) की कुठे आहे, आणि बॅकअप घेतला का? नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मग कुणी बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती अकाउंटवर असते, पण ते अकाउंट दुकानदाराने स्वतःच्या मेलवर उघडून दिलेलं असेल तर गिऱ्हाईक रडकुंडीला येतं. फोटो, टॅलीचा डेटा, सगळं आत अडकतं.

सेटिंग्जमधल्या ‘गो बॅक’वर विसंबू नका. ते दहा दिवसांपुरतं असतं, आणि तेही तुम्ही स्वतः १० वरून ११ वर गेला असाल तरच. कंपनीतूनच ११ आली असेल तर मागे जायला काही नसतंच.

आणि क्रॅक केलेली आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) घेऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा बाधित झालेल्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच आला होता. अपडेट बंद ठेवलेल्या विंडोजला तो मिळणार कुठून?

पंचवटी, पॅथॉलॉजी लॅब

आमच्या ॲनालायझरचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच. तो पीसी फक्त ॲनालायझरला जोडलेला, नेट नाही, वायफाय कार्डसुद्धा काढलंय. रिपोर्ट दुसऱ्या पीसीवर टाइप होतात. वेळ जातो, पण पेशंटची माहिती बाहेर जायची भीती नाही.

सातपूर एमआयडीसी, मशीन शॉप

ताई, एक राहिलं. तुमच्या त्या सीपीयूची इमेज काढलीय का? लॉक, फॉन्ट, पेजमेकर सगळं बसवलेल्या अवस्थेत एकदा क्लोन करून ठेवा, डिस्क कधी जाईल सांगता येत नाही. माझ्याकडे क्लोनिंगचा डॉक आहे. तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची रिकामी एसएसडी घेऊन या, शनिवारी सातपूरला सुट्टी असते, बसून करून टाकू.